ताई ची आणि तिच्यामागचा विचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी बागेत हळूहळू हात फिरवणारी माणसं पाहून पडणारे आणि सरावाला नव्याने येणारे हमखास विचारतात ते प्रश्न इथे घेतले आहेत. चिनी युद्धकला शेकड्यांनी आहेत. त्या सगळ्यांबद्दल थोडं थोडं सांगण्यापेक्षा एकीबद्दल नीट सांगावं म्हणून ताई ची निवडली. तत्त्वज्ञानाशी तिचं नातं सर्वांत उघड आहे आणि त्याबद्दलचे गैरसमजही सर्वांत जास्त आहेत.

ताई ची म्हणजे नक्की काय? व्यायाम, ध्यान की मारामारी?

मुळात मारामारी. तिचं पूर्ण नाव ताईचीछुआन, आणि चिनी मुष्टियुद्धाच्या परंपरेतलीच ती एक शाखा आहे. संथ हालचालींमागे प्रत्येक ठिकाणी काहीतरी काम दडलेलं असतं. ‘चिमणीची शेपटी धरणे’ हा यांग घराण्यातला सुरुवातीचा क्रम घ्या. त्यात चार क्रिया आहेत: समोरच्याचा जोर अंगावर न घेता पुढच्या हाताच्या गोलाईवर तोलणं, तोच जोर आपल्या बाजूला वळवून रिकामा जाऊ देणं, दोन्ही हात जोडून दाबणं आणि तळव्यांनी ढकलणं. दुरून पाहणाऱ्याला हात वाऱ्यावर डुलताहेत असं वाटतं. करणाऱ्याच्या मनात मात्र समोर माणूस असतो, निदान असायला हवा.

आज जगभरातले बहुतेक लोक ती तब्येतीसाठी आणि मनःशांतीसाठी करतात. त्यात गैर काहीच नाही. पण लढाईचा अर्थ पूर्ण पुसून टाकला की हात कुठे थांबायचा, कंबर किती वळायची याला कारणच उरत नाही आणि हालचाली हळूहळू ढिल्या पडतात.

तिचा जन्म कुठे झाला?

चीनच्या हेनान प्रांतात, वेन तालुक्यातल्या चेनजियागौ या गावात. पिवळी नदी तिथून जवळ आहे. चेन कुळाचा मूळपुरुष चेन बू मिंग राजवटीच्या सुरुवातीला शान्शी प्रांतातून इकडे आला, असं कुळाची परंपरा सांगते. त्याच्या नवव्या पिढीतला चेन वांगथिंग हा सतराव्या शतकातला लढवय्या. मिंग राजवट १६४४ मध्ये कोसळली आणि मांचूंची छिंग राजवट आली. त्यानंतर तो गावात शेती करत राहिला. त्याच्या नावावर असलेल्या एका पदात म्हातारा, थकलेला योद्धा म्हणतो की, मन उदास झालं की मुष्टियुद्धाचे डाव रचावेत, कामाचे दिवस आले की शेत नांगरावं आणि उरल्या वेळात मुलानातवंडांना शिकवावं. त्याच पदात सोबतीला ताओ या चिनी पंथातल्या ध्यानाचा एक ग्रंथ असल्याचाही उल्लेख येतो.

दुसरा धागा सैन्याचा. मिंग सेनापती छी जिग्वांग (१५२८–१५८८) याने समुद्री चाच्यांशी लढण्यासाठी शेतकऱ्यांमधून फौज उभी केली. तिच्या प्रशिक्षणासाठी लिहिलेल्या ग्रंथात त्याने वेगवेगळ्या शैलींतले ३२ पवित्रे निवडून दिले. ‘एकेरी चाबूक’, ‘एका पायावर उभा सोनेरी कोंबडा’ ही त्यातली नावं चेन घराण्याच्या ताई चीत आजही म्हटली जातात. म्हणजे ही कला ढगातून उतरलेली नाही. छावणीतली कवायत, गावाचं संरक्षण आणि एका निवृत्त माणसाचं चिंतन यांतून ती घडली.

मग झांग सानफेंग आणि साप-करकोच्याची गोष्ट?

गोष्ट सुंदर आहे. वूतांग पर्वतावरचा ताओपंथी सिद्ध झांग सानफेंग साप आणि पक्षी यांची झुंज पाहतो, सापाचं वळणं-निसटणं त्याच्या लक्षात येतं आणि त्यातून ताई ची जन्मते. इतिहास म्हणून मात्र ती टिकत नाही. झांग सानफेंगचं नाव मुष्टियुद्धाशी प्रथम जोडलं गेलं ते १६६९ मधल्या एका समाधिलेखात. तो हुआंग झोंगशी या विद्वानाने लिहिला होता. त्यात ‘आतली’ वूतांग कला आणि ‘बाहेरची’ शाओलिन कला अशी विभागणी केली आहे. हुआंग मिंगनिष्ठ होता, मांचू सत्तेचा कडवा विरोधक. शाओलिन म्हणजे परदेशातून आलेला बौद्ध धर्म, वूतांग म्हणजे अस्सल देशी ताओ. ही मांडणी त्या काळात राजकीय अर्थानेही वाचली जाऊ शकत होती, असं काही अभ्यासक मानतात आणि मला ते पटतं. त्या लेखात ताई चीचं नाव कुठेही नाही. हा सांधा पुढे जोडला गेला.

१९३० च्या दशकात थांग हाओ नावाच्या वकील-संशोधकाने चेनजियागौला जाऊन वंशावळी आणि गावातली कागदपत्रं तपासली आणि झांग सानफेंग व भारतातून चीनला गेलेला भिक्षू बोधिधर्म या दोघांनाही इतिहासातून बाजूला केलं. तो स्वतः युद्धकलेचा साधक होता. आपल्याच परंपरेच्या लाडक्या कथा पारखून घेण्याची त्याची हिंमत मला फार मोलाची वाटते.

कुंग फू बोधिधर्माने भारतातून नेलं, हे खरं ना?

हा प्रश्न आपल्याकडे सर्वांत जास्त येतो आणि उत्तर ऐकून लोक हिरमुसतात. पुरावा तसं सांगत नाही. शाओलिन मठ सुंग पर्वतावर इ.स. ४९५ मध्ये उत्तर वेई सम्राटाने बांधला, तो बातुओ या भारतीय भिक्षूसाठी. बोधिधर्माबद्दलच्या सर्वांत जुन्या चिनी नोंदींत त्याच्या ध्यानाबद्दल आणि श्रद्धेबद्दल लिहिलं आहे, व्यायाम किंवा लढाईबद्दल अवाक्षर नाही. ज्या ‘स्नायू-परिवर्तन’ ग्रंथामुळे त्याचं नाव व्यायामाशी जोडलं गेलं तो १६२४ च्या आसपासचा आहे. त्याला जोडलेल्या जुन्या प्रस्तावना बनावट असल्याचं चिनी विद्वानांनीच दाखवून दिलं.

शाओलिनचे भिक्षू लढत होते हे मात्र पक्कं आहे. इ.स. ६२१ मध्ये त्यांनी भावी थांग सम्राट ली शिमिनला युद्धात मदत केली. त्याची नोंद असलेला ७२८ सालचा शिलालेख मठात आजही उभा आहे.

भारताने चीनला बौद्ध धर्म दिला, ध्यानाची परंपरा दिली, आणि तिने चिनी कविता, चित्रकला, चहा, युद्धकला या सगळ्यांवर आपला रंग चढवला. एवढं देणं खरं आणि सिद्ध असताना ठोसे-लाथांचं श्रेय ओढून आणायची गरज मला दिसत नाही.

ताओ तत्त्वज्ञान ताई चीत खरोखर आहे, की नंतर चिकटवलं?

थोडं दोन्ही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात वू यूशियांग (१८१२–१८८०) या सुशिक्षित जमीनदार घरातल्या माणसाने ताई ची शिकायला घेतली. त्याचा भाऊ वूयांगचा न्यायाधिकारी होता. तिथल्या एका मिठाच्या दुकानात त्याला वांग झोंगयुए या नावाने लिहिलेला एक छोटा निबंध सापडला, असं सांगितलं जातं. हाच पुढे ताई चीचा आधारग्रंथ झाला. त्याची पहिलीच ओळ सुंग काळातल्या झोउ दुनयी (१०१७–१०७३) या तत्त्वज्ञाच्या विश्वोत्पत्तीच्या मांडणीवर उभी आहे: अव्यक्तातून ताईची, म्हणजे विश्वाचं आदितत्त्व, आणि तिच्या हालण्या-थांबण्यातून यिन आणि यांग, म्हणजे एकमेकांना पूरक अशा दोन विरुद्ध बाजू. झोउ दुनयी कन्फ्यूशियसपंथी होता, ताओपंथी नव्हे. त्यामुळे ‘ताई ची म्हणजे ताओ’ हे समीकरणसुद्धा अर्धवटच आहे.

ताओपंथाचा आद्य विचारवंत लाओत्सू याचा विचार तरीही या कलेच्या हाडामांसात आहे. ‘ताओ ते चिंग’च्या ७६ व्या अध्यायात तो सांगतो की, माणूस जन्मतो तेव्हा मऊ असतो, मरतो तेव्हा ताठ, झाडंझुडपंही जिवंतपणी लवचिक, मेल्यावर कडक. ७८ व्या अध्यायात पाणी येतं: सर्वांत मवाळ, पण कठीणाला झिजवण्यात त्याच्यापुढे कोणी नाही. आणि लगेच तो पुढे म्हणतो की हे सगळ्यांना माहीत असतं, आचरणात कोणी आणत नाही. ताई चीचा सराव नेमका या शेवटच्या वाक्यावर काम करतो. वाचून पटलेली गोष्ट खांद्याला पटते का, हे तिथे रोज तपासलं जातं.

म्हणून पुस्तकी संदर्भ कधी जोडले गेले, या वादाला मी फार महत्त्व देत नाही. वू यूशियांगने हातातली कला आणि वाचलेला विचार शेजारी ठेवले तेव्हा दोन्ही एकमेकांना नीट बसले. ते बसले यातच सगळं आलं.

यिन-यांग शरीरात कुठे दिसतं?

पावलात. सगळं वजन डाव्या पायावर घ्या. उजवा पाय इतका रिकामा करा की कोणी तो अचानक ओढला तरी तुम्ही हलणार नाही. आता तो पुढे टेकवा, आधी टाच. तरीही त्यावर वजन द्यायचं नाही. इथेच नवा माणूस धपकन पुढे पडतो, कारण आयुष्यभर आपण असंच चाललेलो असतो: तोल जाऊ द्यायचा आणि पुढच्या पायाने सावरायचा. ताई चीत टाच टेकल्यावरही मागे परत येण्याची मुभा शिल्लक असते. मग हळूहळू तळवा टेकतो, गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेने सरकतो, डावा पाय रिकामा होत जातो आणि उजवा भरत जातो. पूर्ण भरला म्हणेपर्यंत डावा पाय मोकळा, पुढच्या हालचालीला तयार.

एक भरताना दुसरा रिता होतो, आणि भरलेल्यातच रितं होण्याची सुरुवात असते. काळ्या-पांढऱ्या वर्तुळातले दोन ठिपके हेच सांगतात. वजन दोन्ही पायांवर सारखं वाटून जड उभं राहणं हा त्या जुन्या निबंधात मोठा दोष मानला आहे. वर्षानुवर्षं मेहनत करूनही जे समोरच्याच्या ताब्यात जातात, ते या दोषामुळे जातात, असं त्यात म्हटलं आहे.

‘थुई शौ’ म्हणजे काय? ते करायलाच हवं का?

दोघांनी मनगटाला मनगट लावून करायचा सराव. माझं स्पष्ट मत: करायलाच हवा. एकट्याने केलेल्या क्रमात आपण स्वतःला सहज फसवू शकतो. समोर माणूस आला की फसवता येत नाही.

सुरुवात एका हाताने होते. समोरचा ढकलतो, तुम्ही संपर्क न सोडता, न अडवता कंबर वळवता आणि त्याचा हात तुमच्या छातीपासून बाजूला निघून जातो. मग तुम्ही ढकलता, तो वळतो. असं वर्तुळ चालू राहतं. पाच-दहा मिनिटांत कळायला लागतं की समोरचा ढकलायच्या क्षणभर आधी आपला खांदा वर चढतो, श्वास अडतो, हात काठीसारखा होतो. तो ताठरपणाच त्याला धरायला मूठ देतो. जिथे तुम्ही घट्ट, तिथून तो तुम्हाला हलवणार. खांदा सुटला, की त्याचा जोर कुठे टेकायचा ते त्यालाच सापडत नाही आणि तो आपल्याच जोराने पुढे येतो. जुन्या पदांत याला ‘चार ल्यांगने हजार जिन वळवणं’ म्हटलं आहे. वजनाच्या जुन्या चिनी मापात एक जिन म्हणजे सोळा ल्यांग, यावरून प्रमाण लक्षात येईल.

‘स्वतःला सोडून दुसऱ्यामागे जा’ हे सूत्रही इथलंच. वाचताना ते नीतिवचन वाटतं. थुई शौमध्ये ती तांत्रिक सूचना आहे: आपला ठरवलेला डाव आधी सोडा, समोरचा काय करतो आहे ते हाताने ऐका. जिंकायची घाई असलेल्या माणसाला हे ऐकू येत नाही. तुमचा स्वभाव कसा आहे, हे सहा महिन्यांच्या थुई शौमधून जितकं कळतं तितकं एरवी क्वचित कळतं.

इतकी संथ का?

सगळी ताई ची संथ नसते. चेन घराण्याच्या पहिल्या क्रमात संथ वळणांमधून एकदम स्फोटासारखा ठोसा येतो, पाय आपटला जातो. दुसरा क्रम, ‘तोफेचे ठोसे’, बहुतांशी वेगवान आणि उड्यांचा आहे. आज दिसणारी एकसारखी संथ, मोठ्या आवाक्याची पद्धत मुख्यतः यांग छेंगफू (१८८३–१९३६) याने रूढ केली. संथपणाचं कारण साधं आहे. वेगात चुका लपतात. हळू केलं की तोल कुठे जातो, कुठे ताण धरला आहे, कुठला सांधा मागे राहिला, सगळं उघडं पडतं.

‘ची’ खरंच असते का?

चिनी वैद्यक आणि विश्वदृष्टी यांतली ती मूळ कल्पना आहे. श्वास, चैतन्य, पदार्थाचं सूक्ष्म रूप असे तिचे अनेक पदर आहेत. आपल्याला ‘प्राण’ आठवतो, पण दोन्ही एकच समजू नयेत. दोघींमागची शरीररचना आणि दर्शनं वेगळी आहेत. सरावात ‘ची नाभीखाली उतरू द्या’ म्हटलं की प्रत्यक्षात खांदे खाली येतात, श्वास पोटापर्यंत जातो आणि तोल स्थिर होतो. सूचना म्हणून ती उत्तम काम करते. मात्र स्पर्श न करता शिष्यांना उडवून लावणारे व्हिडिओ पाहून भुलू नका. अशी उडी फक्त आपलेच शिष्य मारतात.

प्रत्यक्ष मारामारीत उपयोग होतो का?

२०१७ मध्ये चीनमधल्या छेंगडू शहरात शू श्याओतुंग या मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या लढवय्याने ताई चीच्या एका शिक्षकाला अर्ध्या मिनिटाच्या आत जमिनीवर लोळवलं. तो व्हिडिओ जगभर फिरला आणि चीनमध्ये मोठा वाद झाला. मला त्यातून एवढंच दिसतं की जो लढण्याचा सराव करत नाही तो लढू शकत नाही, मग त्याची कला कोणतीही असो. यांग लूछान (१७९९–१८७२) चेनजियागौत चेन छांगशिंगकडे शिकून बीजिंगला गेला तेव्हा लोक त्याला ‘अजिंक्य यांग’ म्हणत. ते नाव बागेतल्या संथ सरावाने मिळालं नव्हतं. स्वसंरक्षण हाच हेतू असेल तर मोकळा, प्रतिकार करणाऱ्या जोडीदाराबरोबरचा सराव असलेला वर्ग शोधा. ताई चीत असे वर्ग कमी आहेत, हे खरं आहे.

चेन, यांग, वू, सुन… कोणतं घराणं निवडू?

जवळ जो चांगला शिक्षक असेल त्याचं. फरक आहेत: चेनमध्ये पिळदार वळणं आणि वेगातले बदल, यांगमध्ये मोठ्या मोकळ्या हालचाली, वू च्येनछुआनच्या शैलीत थोडा पुढे झुकलेला आटोपशीर आवाका, सुन लूथांगच्या (१८६०–१९३३) शैलीत चपळ, उंच पावलं. (यांग घराण्याचा यिन-यांगमधल्या यांगशी संबंध नाही, ते आडनाव आहे.) बहुतेक वर्गांत शिकवला जाणारा २४ हालचालींचा क्रम १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने यांग शैलीवरून तयार केला. तो पाच-सहा मिनिटांत होतो आणि सुरुवातीला पुरेसा आहे.

शिक्षकाला ‘शिफू’ म्हणायचं का? नमस्कार कसा करतात?

उजव्या मुठीवर डावा तळवा ठेवून. शिफू हे संबोधन पारंपरिक नात्यात वापरतात. साध्या वर्गात ‘सर’ म्हटलं तरी कोणाचा मान कमी होत नाही. जुन्या पद्धतीत गुरू रीतसर विधी करून शिष्य स्वीकारतो. त्यानंतर शिष्य घरातलाच होतो, पिढीनुसार थोरला-धाकटा ठरतो. ही सारी रचना कन्फ्यूशियसच्या कुटुंबविचारातून आलेली आहे. घराणेदार गायकीचा गंडा बांधणं ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ती परकी वाटणार नाही. तिचे धोकेही तेच आहेत: विद्या राखून ठेवणं आणि प्रश्न विचारणाऱ्याला उद्धट ठरवणं.

हे करण्यासाठी ताओ किंवा बौद्ध धर्म मानावा लागतो का?

नाही.

आपल्या मल्लखांब, कुस्तीशी काही नातं?

उगमाचं नाही. काळाचं मात्र आहे. पारतंत्र्य आणि अपमान झेलणाऱ्या दोन्ही देशांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशी व्यायामाकडे राष्ट्र उभारणीचं साधन म्हणून पाहिलं गेलं. शांघायमध्ये १९१० मध्ये जिंगवू संस्था निघाली, नानजिंगमध्ये १९२८ मध्ये सरकारी युद्धकला संस्था. आपल्याकडे अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी चिनी युद्धकलेचं पथकही प्रात्यक्षिकांसाठी गेलं होतं आणि अमरावतीच्या मंडळाचं पथकही. आपल्या मातीतली शरीरविद्या जगापुढे मांडायला निघालेल्या या दोन तुकड्या एकाच शहरात होत्या, ही गोष्ट आपल्याकडे अधिक सांगितली जायला हवी.

चीनमध्ये ही परंपरा अखंड टिकली का?

नाही. शाओलिन मठ १९२८ मध्ये सरदारांच्या लढाईत जाळला गेला. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६–७६) जुन्या शिक्षकांचा छळ झाला. चेनजियागौत कला तगली त्याचं मोठं श्रेय चेन झाओपी (१८९३–१९७२) यांना जातं. उतारवयात १९५८ मध्ये ते गावी परतले आणि पोरांना शिकवत राहिले. त्यांचे विद्यार्थी पुढे जगभर गेले. दुसरीकडे सरकारने गुणांवर आधारलेला ‘वूशू’ हा क्रीडाप्रकार घडवला. तो १९९० पासून आशियाई स्पर्धांत आहे. हांगझोउच्या स्पर्धेत मणिपूरच्या रोशिबिना देवीने त्यातल्याच लढतीच्या प्रकारात रौप्यपदक मिळवलं. ताई चीचा समावेश युनेस्कोने २०२० मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला.

तब्येतीला फायदा होतो का? गुडघे दुखतात त्यांचं काय?

तोल सुधारणं आणि ज्येष्ठांचं पडणं कमी होणं, याबद्दलचा पुरावा चांगला आहे. २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पार्किन्सन्सच्या १९५ रुग्णांवरचा अभ्यास आला. आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे ताई ची करणाऱ्यांचा तोल इतर दोन व्यायामगटांपेक्षा चांगला राहिला. पण ती औषधाची जागा घेत नाही. कोणी तसं सांगत असेल तर तिथून निघा.

गुडघ्यांचं दुखणं बहुतेकदा चुकीच्या सरावातून येतं. वजन असलेल्या पायावर गुडघा पिळून वळू नका. वळण नितंबाच्या सांध्यातून येऊ द्या. गुडघा आत पडू देऊ नका. खोल बसण्याची हौस सुरुवातीला अजिबात नको. आधीच दुखत असेल तर डॉक्टरांना विचारून उंच पवित्र्यात करा.

व्हिडिओ पाहून घरी शिकता येईल का?

क्रम पाठ होईल. पावलातलं वजन आणि खांद्यातला ताण मात्र दुसऱ्याच्या हाताशिवाय कळत नाही. गावात शिक्षक नसेल तर तोवर दोन गोष्टी करा. एक, वर सांगितलेलं चालणं. दुसरी, झाडाला कवेत घेतल्यासारखे हात धरून स्थिर उभं राहणं, सुरुवातीला दोन-तीन मिनिटं, मग सोसेल तसं वाढवत. शिक्षक भेटेल तेव्हा त्याला विचारा की वर्गात थुई शौ होतं का, एखाद्या हालचालीचा उपयोग तो करून दाखवेल का, आणि त्याचा हात तुमच्या हातावर ठेवायला तो तयार आहे का. तिन्हींना हो म्हणणारा शिक्षक दुसऱ्या गावी असला, तरी महिन्यातून एकदा प्रवास करून त्याच्याकडे जावं.